दोष कोणाच्या खाती मांडायचा?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

'संप' हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बस बंद, बँक बंद, टपाल बंद! ज्याची गैरसोय होते तो संपवाल्यांना बोल लावतो आणि मोकळा होतो. मीही त्यातलीच होते. एका संपावरून एका सज्जन माणसाला मी नको ते बोलले. ते बोलणे आजही मनाला टोचते, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील जसोंडीचे. हे गाव मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. आई निपाणीची. त्यामुळे माझे शिक्षण आजोळी, मराठी शाळेत झाले. कन्नड शेजारच्या मुलींशी खेळताखेळता आले. आणि उन्हाळ्याची सुट्टी मात्र जसोंडीला ठरलेली. तिकडे पोस्टमनला 'डाकबाबू' म्हणतात. आपल्या कन्नड विभागातल्या मैत्रिणी त्याला 'अंचेयण्ण' म्हणतात, म्हणजे टपाल आणणारा दादा. आम्ही मुले त्या भागात टपाल वाटणाऱ्या गृहस्थांना 'डाककाका' म्हणत असू. ते सायकलवरून येत. पत्र नुसते देऊन जात नसत. आजीला वाचूनही दाखवत.

२०१८ सालची सुट्टी. माझ्या आत्याने एका खासगी संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला होता आणि मुलाखतीच्या पत्राकडे सारे घर डोळे लावून बसले होते. मे महिन्याच्या २२ तारखेला देशभरच्या ग्रामीण डाकसेवकांनी बेमुदत संप पुकारला. टपाल थांबले. संप मिटल्यावर पहिल्याच दिवशी डाककाका आत्याचे पत्र घेऊन दारात उभे राहिले. मुलाखतीची तारीख उलटून चार दिवस झाले होते! आत्या काही न बोलता आत गेली. मी तेरा वर्षांची होते. मी म्हटले, "तुम्हाला पगार वाढवून मिळाला ना? मग झालं तर!" काका रागावले नाहीत. आजीकडे पाहून एवढेच म्हणाले, "काकू, सरकारी शिक्का माझ्या हातात आहे, पण मी सरकारी नोकर नाही. पोरीचं नुकसान झालं, हे मला कळतं." त्या दिवशी आजीने त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

'सरकारी शिक्का आहे, पण सरकारी नोकर नाही' याचा अर्थ मला कॉलेजात आल्यावर उमगला. वाणिज्य शाखेत मालक कोण, नोकर कोण आणि एजंट कोण, याचे धडे असतात. त्या धड्यांना डाककाकांचे उदाहरण लावून पाहिले, तेव्हा ते कोणत्याच खान्यात नीट बसेना.

मित्रहो, खेड्यातल्या ज्या माणसाला आपण पोस्टमन किंवा पोस्टमास्तर समजतो, तो बहुधा खात्याचा नियमित कर्मचारी नसतो. पूर्वी त्याचे नावच 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट' असे होते, म्हणजे खात्याबाहेरचा माणूस! १९६४ ची नियमावली याच नावाने होती. २००१ मध्ये नाव बदलून 'ग्रामीण डाकसेवक' झाले. नाव गोड झाले, पण जागा उंबऱ्याबाहेरचीच राहिली. त्याला दरमहा मिळणाऱ्या रकमेलाही पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात. काम दिवसाला चार-पाच तासांचे धरलेले. उपजीविकेचे दुसरे साधन त्याला असावे, अशी नियमाची अपेक्षा. शाखा पोस्टमास्तर असेल तर टपाल कार्यालयासाठी जागाही त्यानेच पाहायची. कित्येक गावांत पोस्ट म्हणजे त्याच्याच ओसरीवरचे एक टेबल, एक तराजू, एक शिक्का आणि अलीकडे हातात आलेले एक यंत्र.

आता कोणी म्हणेल, चार तासांच्या कामाला चार तासांचा मोबदला, यात अन्याय तो काय? कागदावर हे बरोबर दिसते. पण टपालाची थैली उशिरा आली तर थांबावे कोणी? दुसरे साधन शोधायचे म्हटले तर मधल्या वेळी शेतावर मजुरीला कोण घेणार? ज्या घराच्या ओसरीवर पोस्ट आहे, त्या घरात संध्याकाळी पासबुक घेऊन आलेल्या म्हातारीला 'वेळ संपली' असे कोण सांगणार? जमाखर्च मांडताना हा खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही. तो त्या माणसाच्या घरात जिरतो.

न्यायालयातही या प्रश्नाला दोन तोंडे आहेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात निर्णय दिला की हे एजंट नागरी पद धारण करतात, म्हणून राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्यांना आहे आणि रीतसर चौकशीशिवाय त्यांना काढून टाकता येणार नाही. हा मोठाच आधार झाला. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले की पुढे नियमित नोकरीत गेलेल्या डाकसेवकाची आधीची वर्षे पेन्शनसाठी हक्क म्हणून मोजता येणार नाहीत. नियमांच्या चौकटीत दोन्ही निर्णय आपापल्या जागी असतील. पण सामान्य माणसाला त्याचा अर्थ इतकाच लागतो की हा माणूस शिस्तीपुरता नोकर आणि पेन्शनपुरता परका!

आता संपाकडे वळू. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्र सरकारने २०१६ च्या जूनमध्ये मंजूर केल्या. नियमित कर्मचाऱ्यांना त्यांचा लाभ १ जानेवारी २०१६ पासून मिळाला. डाकसेवकांसाठी मात्र कमलेश चंद्र यांची वेगळी समिती नेमलेली होती. तिचा अहवाल २०१६ च्या नोव्हेंबरात आला. त्यानंतर दीड वर्ष निर्णय नाही! २२ मे २०१८ ला संप सुरू झाला. ६ जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि संप मिटला. चार तासांच्या कामासाठी शाखा पोस्टमास्तरला दरमहा किमान १२,००० रुपये आणि इतर डाकसेवकांना १०,००० रुपये ठरले. पाच तासांना अनुक्रमे १४,५०० आणि १२,०००. त्यावर महागाई भत्ता, आणि मागच्या काळाच्या थकबाकीचीही सोय झाली. सुमारे ३ लाख ७ हजार डाकसेवकांना याचा लाभ होईल, असे सरकारनेच सांगितले.

हिशेब सरळ आहे. जे अठरा महिन्यांत झाले नाही, ते सोळा दिवसांत झाले. पैसे होते, अहवाल होता. नव्हता तो निर्णय. तेव्हा माझ्या आत्याचे पत्र अडले ते संपामुळे, हे खरे. पण संप झाला तो लांबलेल्या निर्णयामुळे, हे त्याहून खरे. आम्ही मात्र दोष मांडला तो सायकलवरून येणाऱ्याच्या खाती, कारण दारात तोच उभा होता. निर्णय लांबवणारा कधी कोणाच्या दारात उभा राहत नाही.

संपाचे मी सरसकट समर्थन करते आहे, असे कोणी समजू नये. टपालाचा संप गरिबाला आधी लागतो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो कुरियर करतो. म्हातारीचे निवृत्तिवेतन मात्र अडून राहते. कायदाही संपकऱ्यांच्या बाजूचा नाही. २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही. ठीक आहे. पण हे हत्यार हातातून काढून घेतले, तर त्याच्या जागी दुसरे काही द्यायला नको का?

इतिहास पाहिला तर टपाल कामगारांना काहीही सहजी मिळालेले नाही. ११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले नोकर संपावर गेले, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी २९ जुलैला सारे कलकत्ता शहर बंद राहिले. टपाल अडलेली जनताच त्यांच्या बाजूने उभी राहिली! पुढे १९६० च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला, तो वटहुकूम काढून मोडण्यात आला. पण त्यातून धडा घेतला गेला आणि १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. एका टेबलाशी सरकार आणि कर्मचारी बसावेत. वेतन, कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झाले नाही, तर प्रश्न लवादाकडे जावा, अशी ती योजना आहे. परंतु ती आखली गेली नियमित कर्मचाऱ्यांसाठी. जो उंबऱ्याबाहेर आहे, त्याच्यासाठी दर वेळी नवी समिती, नवा अहवाल आणि नवी प्रतीक्षा!

शिवाय संघटनेची मान्यता हाही नाजूक धागा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ पोस्टल एम्प्लॉइज या जुन्या महासंघाची मान्यता, निधीच्या वापराचे कारण दाखवून, काढून घेण्यात आली. त्या वादाची बाजू घेण्याचा माझा अधिकार नाही. पण मान्यता देणाराही मालक आणि काढणाराही मालकच असेल, तर बोलणी बरोबरीची कशी होणार, हा प्रश्न कोणत्याही विद्यार्थ्याला पडावा.

माझे म्हणणे दोनच गोष्टींचे आहे. एक, डाकसेवकांविषयीच्या समितीचा अहवाल आला की ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, निर्णय देण्याचे बंधन असावे. दोन, मुदत टळली तर प्रश्न आपोआप लवादाकडे जावा. असे झाले तर संपाची वेळच येणार नाही आणि कोणा आत्याचे पत्र अडणार नाही. हा प्रश्न जुना झालेला नाही. आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली, आणि आपल्यालाही त्यात घ्यावे अशी डाकसेवकांच्या संघटनांची मागणी आहे. पुन्हा वेगळी समिती आणि पुन्हा दीड वर्ष, असे होऊ नये.

आपण विद्यार्थीही अधूनमधून संप करतो. परीक्षा पुढे ढकला म्हणून फाटकाशी घोषणा देतो आणि दुपारी चहा प्यायला जातो. आपला एक रुपयाही कापला जात नाही. ज्याचे सोळा दिवसांचे पैसे बुडण्याची धास्ती आहे आणि घरी चूल पेटायची आहे, त्याचा संप वेगळा असतो. एवढा फरक तरी आपण ओळखावा.

आत्याला पुढे दुसरीकडे नोकरी लागली. त्या नेमणुकीचे पत्रही डाककाकांनीच आणले. या वेळी आजीने त्यांना आत बोलावून चहा दिला. मी मात्र तेव्हा निपाणीला होते, त्यामुळे माझे माफी मागणे राहूनच गेले. या सुट्टीत जसोंडीला गेले की पहिले काम तेच करणार आहे.