शेजारची गोष्ट लंडनमार्गे

२०२५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले आणि मराठी वाचकाला बानू मुश्ताक या कन्नड लेखिकेचा शोध लागला. बंडाय चळवळीतून पुढे आलेल्या, ‘लंकेश पत्रिके’त वार्ताहर म्हणून काम केलेल्या, मुसलमान स्त्रीचे दुःख घराच्या आतून सांगणाऱ्या या लेखिका काही कालपरवा लिहू लागलेल्या नाहीत. दीपा भास्ती यांनी त्यांच्या कथा इंग्रजीत नेल्या, इंग्रजांनी त्यावर पसंतीची मोहोर उठवली, आणि मग त्या आपल्याकडे थोर ठरल्या. सोलापूर-कोल्हापूरच्या उंबऱ्याशी बोलली जाणारी भाषा! शेजारणीची हाक ऐकायला सातासमुद्रापलीकडचा कर्णा लागला, याची खंत मात्र फारशी कोणी केली नाही.

हा अपघात नव्हे, ही व्यवस्था आहे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. बागूल तेव्हा ३३ वर्षांचे होते. जेरी पिंटो यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर आले २०१८ साली. लेखकाला जाऊन तेव्हा दहा वर्षे लोटली होती. पंचविशीतल्या नेमाड्यांची ‘कोसला’ही १९६३ चीच, तिला इंग्रजीत पोचायला १९९७ साल उजाडले. लेखक तरुण असताना, त्याचा संताप ओला असताना त्याचे पुस्तक परभाषेत जात नाही. तो पिकल्यावर किंवा गेल्यावर जाते, आणि तोवर ते वाङ्मय राहत नाही, वारसा होतो. वारशाला हार घालतात. त्याच्याशी कोणी भांडत नाही. धारवाडच्या विशीतल्या लेखकाने मराठीतल्या विशीतल्या लेखकाशी भांडावे, त्याच्याकडून शिकावे, यासाठी दोघांची पुस्तके एकाच काळात एकमेकांच्या हाती पडली पाहिजेत.

भोर आणि वेल्हे (ज्याला आता राजगड म्हणतात) हे दोन तालुके घ्या. भाटघरचे धरण १९२८ चे. पानशेत, वरसगाव त्यानंतरची. येथले पाणी नीरेच्या कालव्यांनी बागायतदाराच्या उसाला जाते, पुणेकराच्या नळाला जाते. त्यासाठी खाती आहेत, कायदे आहेत, अंदाजपत्रक आहे. धरणाने उठवलेल्या माणसाची गोष्ट बाहेर नेणारा पाट मात्र कोणी खणलेला नाही. उद्या तेथल्या एखाद्या मुलीने कादंबरी लिहिली आणि पुण्यातल्या लहानशा प्रकाशकाने ती छापली, तर ती मराठीतच पाचशे प्रतींत विझेल. महाराष्ट्राबाहेर गेलीच, तर इंग्रजीच्या नाक्यावरून जाईल.

हा नाका कोणती जकात घेतो ते पाहण्यासारखे आहे. मावळात राब भाजतात, तरवा काढतात, खाचरात आवणी करतात आणि पावसात पाठीवर इरले घेतात. इरल्याला इंग्रजीत शब्द नाही, कारण इंग्रजाने ते कधी पाठीवर घेतलेले नाही. भाषांतरकार प्रामाणिक असला तर ओळभर वर्णन देतो, नसला तर ‘रेनकोट’ लिहून मोकळा होतो. त्या इंग्रजीवरून पुस्तक पुढे कन्नडमध्ये गेले, की वेल्ह्याची शेतमजूर बाई शहरी रेनकोट घालून चिखलात उभी! वास्तविक कर्नाटकाच्या मलनाडात, त्याच सह्याद्रीच्या त्याच पावसात, तशीच वस्तू मजुराच्या पाठीवर असते. तिला तेथे गोरबु म्हणतात. थेट भाषांतरात शब्दाला शब्द भेटला असता. डॉ. लोहियांचा इंग्रजीविरोध आपण कचेऱ्या आणि शाळांपुरता समजून बाजूला ठेवला. त्याचे खरे काम कदाचित येथे होते.

थेट भाषांतराची परंपरा मराठीत नाही असे कोण म्हणेल? मामा वरेरकरांनी शरद्‌बाबूंना बंगालीतून आणले. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी कुरल मराठीत आणले. आंतरभारती ही त्यांच्यासाठी सभेतली घोषणा नव्हती. विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड वाचून दाखवीत आणि उमा कुलकर्णी मराठीत उतरवीत. एका घरातल्या या कष्टांवर मराठीतला भैरप्पा उभा आहे. परंतु हे सारे श्रम प्रेमाचे, आणि ते बहुधा नाव झालेल्या लेखकांच्याच वाट्याला आले. नवख्याने कोणाच्या प्रेमाची वाट पाहायची?

संस्था आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची ‘आदान-प्रदान’ माला आहे. साहित्य अकादमी २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देते. २०१८ साली तो नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला मिळाला, २०२४ साली देवीदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला. ताम्रपट मिळतो, ५० हजार रुपये मिळतात. उरलेल्या २३ भाषांत जाण्याची हमी मिळत नाही. गोरे ज्या जत तालुक्यातले, तेथे कानडी बोलणारी गावेच्या गावे आहेत.

युरोपीय संघाच्या अधिकृत भाषाही २४ च. तेथे २००९ पासून उदयोन्मुख कथाकारांसाठी संघाचे पारितोषिक आहे, आणि परभाषेतील पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाला भाषांतरासाठी संघाच्या सांस्कृतिक निधीतून साहाय्य मिळू शकते. हा भांडवलशाही युरोप! स्लोव्हेनियाच्या नवोदिताला लिथुएनियात नेणे बाजाराला जमणार नाही, हे त्यांना उमगले. आपल्याकडे मात्र ‘चांगले असेल ते आपोआप पोचेल’ असे आजही गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते. भाटघरचे पाणी तरी कुठे आपोआप पोचते?

हिशेबच मांडावा. साठ हजार शब्दांची अनुवादित कादंबरी, किंमत ३०० रुपये, प्रती ५००, असे धरू. सगळ्या खपल्या तर दीड लाख. विक्रेत्यांची सूट ४० टक्के, म्हणजे उरले ९० हजार. छपाई-कागदाला प्रतीमागे १००, म्हणजे उरले ४० हजार. मूळ लेखकाचे मानधन दहा टक्के, म्हणजे उरले २५ हजार. भाषांतरकाराला शब्दामागे एक रुपया द्यायचा तर ६० हजार हवेत. तूट ३५ हजारांची. ती आज भाषांतरकाराच्या पोटातून भरून निघते. अशा शंभर पुस्तकांची तूट ३५ लाख होते. घाटातल्या किलोमीटरभर रस्त्याला लागतो त्याहून हा पैसा जास्त नाही.

शिवाय १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये ११ हजारांच्या वर आहेत. दहातील एकाने एक प्रत घेतली तरी ११०० प्रती उठतात, आणि वरच्याच दराने तूट पाच हजारांवर येते. भाषा विभागाकडे मागणी करायची तर ती या आकड्यांनिशी करावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली. आता अभिजात निधीचा काही वाटा जिवंत, अनोळखी लेखकांसाठी मागण्यात संकोच कसला? ग्रंथालयांची खरेदी ठरवणारी मंडळी तर गावचीच असतात. भोर-वेल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या खरेदीच्या बैठकीला जावे, आणि स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांच्या गठ्ठ्यासोबत नव्या लेखकाची एक कन्नड, एक तेलुगू, एक गुजराती कादंबरी मराठीत मागावी. ‘मिळत नाही’ असे उत्तर आले, तर ते लेखी घ्यावे.