लिलावातली स्वस्ताई

संगणकासमोर बसून बोली लावायची आणि निम्म्या किमतीत वस्तू घरी आणायची, ही चटक आपल्याकडे 'बाझी'ने लावली. 2004 मध्ये ती ईबेने विकत घेतली आणि 14 ऑगस्ट 2018 ला ईबे इंडियाचं दुकान बंदही झालं. ऑनलाइन लिलाव मात्र संपले नाहीत. फक्त वस्तू मोठ्या झाल्या. थकलेल्या कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेली घरं, दुकानं, गाड्या आता अशा विकल्या जातात. सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' या पोर्टलवर एकत्र पाहता येतात. चेन्नईत वर्षानुवर्षं भाडं भरणाऱ्या माणसाला तिथे तांबरमचा फ्लॅट बाजारभावापेक्षा बराच खाली दिसला, की त्याची झोप उडते.

स्वस्त मिळतं का? मिळतं. पण ते बोली लावण्याच्या तासाभरात ठरत नाही. आधी पैशांची सोय केलेल्याला आणि कागद पाहिलेल्याला ते मिळतं.

आधी पैशांचं बघू. समजा, राखीव किंमत 40 लाख आहे. तिच्या साधारण 10 टक्के, म्हणजे 4 लाख इसारा रक्कम आधी भरायची. बोली 44 लाखांवर तुमच्या नावे थांबली, तर किमतीचा चौथा हिस्सा, 11 लाख, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचा. त्यात 4 गेलेले असतात, म्हणजे आणखी 7. उरलेले 33 लाख, विक्रीला मान्यता मिळाली की पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. आता गृहकर्जाचा अर्ज तुम्ही जिंकल्यावर करणार असाल, तर हिशोब तिथेच फसला.

फसला म्हणजे किती, ते तमिळनाडूतल्याच एका प्रकरणात दिसलं. डिसेंबर 2016 च्या ई-लिलावात एका खरेदीदाराने 12.27 कोटींची बोली जिंकली, 3.06 कोटी भरले, मुदतवाढही घेतली, पण बाकीची रक्कम उभी राहिली नाही. बँकेने भरलेले पैसे जप्त केले आणि तीच मालमत्ता पुढे 14.76 कोटींना विकली. बँकेचं नुकसान तर झालंच नाही, मग माझे पैसे परत द्या, असं त्याचं म्हणणं. मद्रास उच्च न्यायालयापर्यंत त्याला बराच दिलासा मिळाला होता. 2024 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. सगळे 3.06 कोटी गेले. मला हा निकाल कडक वाटतो, पण नियम असाच आहे आणि बोली लावताना आपण तो मान्य करून बसतो.

दुसरी गोष्ट कागदांची. नोटिशीत 'जसे आहे जेथे आहे' हे शब्द छापलेले असतात, आणि बहुतेक जण ते ओलांडून थेट किमतीकडे जातात. अण्णा सालैवरच्या मरेजच्या लिलावात माणसं खुर्ची उलटी करून तिचे पाय हलवून बघत. फ्लॅटचेही पाय हलवून बघता येतात. तमिळनाडूच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ईसी, म्हणजे इथल्या भाषेत विल्लंगम, पाहता येते. मालमत्ताकर किती थकला, सोसायटीचा देखभाल खर्च किती, ते जागेवर जाऊन विचारा. विजेची थकबाकीही विचाराच. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाचं थकलेलं बिल नव्या जोडणीसाठी लिलावातल्या खरेदीदाराकडूनही मागता येतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो इथे.

आणि ताबा! नोटिशीत 'सांकेतिक ताबा' लिहिलं असेल, तर घरात अजून कोणीतरी राहतं आहे. दारावर कागद चिकटला, एवढाच त्याचा अर्थ. त्या घरात म्हातारे आईवडील, शाळेत जाणारी मुलं असू शकतात, आणि त्यांना बाहेर काढण्याची कायदेशीर प्रक्रिया महिनोन्‌महिने चालू शकते. तुमचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात. पहिलं घर घेणाऱ्या कुटुंबाने प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असलेलीच मालमत्ता बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे, जरा महाग पडली तरी.

हे सगळे खर्च, मुद्रांक शुल्क आणि दुरुस्ती धरून आजूबाजूच्या भावातून वजा करा. उरेल तो तुमचा आकडा. तो कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. ईबेवर शेवटच्या सेकंदाला बोली टाकून बाजी मारता यायची. बँकेच्या लिलावात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली, की वेळ सहसा आपोआप वाढते, पुन्हा वाढते, आणि समोरचा न दिसणारा माणूस दहा-दहा हजारांनी आपल्याला वर ओढत नेतो. तेव्हा कागद हातात असलेल्याने लॅपटॉप मिटावा.

बोली कोणीच लावली नाही, तर पहिल्या वेळची तीस दिवसांची नोटीस पुन्हा लागत नाही, पंधरा दिवसांची पुरते. पुष्कळदा तेव्हा राखीव किंमतही खाली आलेली असते. नजर ठेवायची ती अशा दुसऱ्या-तिसऱ्यांदा निघालेल्या नोटिशींवर, आणि आधी कोणी का घेतलं नाही हे विचारायला त्या इमारतीच्या वॉचमनकडे एक चक्कर मारायची.