‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला आधी हे विचारा!

घरातलं एखादं पोरगं कॉम्प्युटर शिकलं, की नात्यातल्या सगळ्या दुकानांचा आयटी हेड तेच होतं. माझंही झालं. काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. तिथलं बिलिंग फॉक्सप्रोमधलं, काळ्या स्क्रीनवरचं. लिहून देणारा माणूस केव्हाच गाव सोडून गेलेला. फॉक्सप्रोचा सपोर्टही मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये बंद केला. काका म्हणाले, ‘‘हे नवं करून घेऊ. तूच बघ रे.’’

मी व्हेंडरला दोनच प्रश्न विचारले. किती पैसे? किती दिवस? तो म्हणाला, ‘‘होऊन जाईल, नो प्रॉब्लेम!’’ आणि झालंही. चकाचक स्क्रीन, मोबाइलवर रिपोर्ट. मी खूश, काका खूश.

वसुलीच्या वेळी घोळ कळला. शेतकरी न उघडलेल्या बियाण्याच्या पिशव्या परत करतात. जुना प्रोग्राम त्या उधारीतून आपोआप वजा करायचा. हे कागदावर कुठंच नव्हतं, फक्त कोडमध्ये होतं. नव्यात ते आलंच नाही. वीस वर्षं येणाऱ्या एका आजोबांकडे परत केलेल्या पिशव्यांचेही पैसे मागितले गेले. ते भांडले नाहीत. गुपचूप पैसे दिले आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या दुकानात गेले.

व्हेंडर चुकलाच, पण त्याच्याइतकाच मीही चुकलो. जुनं म्हणजे टाकाऊ, असं मी धरूनच चाललो होतो.

मोठेही इथंच आपटतात. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिमवर हलवला आणि सुमारे १९ लाख लोकांना स्वतःचं खातंच उघडता येईना. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला. बाहेरच्यांना दिलेल्या कामातली जोखीम नीट सांभाळली नाही, हेही त्यामागचं एक कारण होतं.

म्हणून आता मी हे विचारतो:

जुना कोड आधी वाचणार का? वाचून काय सापडलं ते लिहून द्या. त्या कामाचे वेगळे पैसे घ्या, चालेल.

जुनं आणि नवं किती दिवस सोबत चालवणार? निदान एका महिन्याची प्रत्येक शिल्लक दोन्हीकडे जुळली पाहिजे.

बिघडलं तर मागं कसं यायचं? ‘बॅकअप आहे’ हे उत्तर नाही. तो बॅकअप माझ्यासमोर चालू करून दाखवा.

जुनी मराठी नावं युनिकोडमध्ये कशी आणणार? युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली नावं तशीच उचलली तर नुसती चिन्हं दिसतात. पन्नास नावं करून दाखवा.

काम नक्की कोण करणार? डेमो देणारा एक आणि कोड लिहिणारा कालच लागलेला दुसराच, असं नको.

सोर्स कोड कुणाचा? आपण पैसे दिले म्हणजे तो आपला, असं नसतं. बाहेरच्याकडून लिहून घेतलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. त्यामुळे कोड, पासवर्ड आणि हक्क, सगळं करारात हवं.

यातल्या एखाद्या प्रश्नावर ‘‘आत्ता सांगता येणार नाही, आधी बघावं लागेल,’’ असं कुणी म्हणालं तर नाराज होऊ नका. माझ्या मते काम त्यालाच द्यावं. न बघता सगळ्याला हो म्हणणारा सगळ्यात महाग पडतो.

आणि व्हेंडरला बोलावण्याआधी एक काम आपलं. काउंटरवर रोज बसणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसा. ‘हे बटण तुम्ही का दाबता?’ एवढंच विचारत राहा. मी तेव्हा काकांशेजारी बसलो असतो, तर पिशव्यांची गोष्ट त्यांनी पहिल्या तासातच सांगितली असती.