ससे, कर्ज आणि एक मैदान

दर वर्षी जुलै महिन्यात ब्रिटनच्या किनाऱ्यावर गोल्फची एक स्पर्धा भरते. तिचे नाव साधे आहे : ‘द ओपन’. गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी ही सर्वांत जुनी, १८६० सालापासूनची. आपल्याकडच्या बहुतेक घरांत गोल्फ म्हणजे क्रीडापानाचा खालचा कोपरा. उच्चपदस्थांनी आणि उद्योगपतींनी निवांतपणे खेळायचा खेळ, अशी आपली पक्की समजूत. ती अगदीच निराधार नाही. २०२५ साली उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टरश येथे ही स्पर्धा झाली, तेव्हा बक्षिसांची एकूण रक्कम १ कोटी ७० लाख डॉलर होती. विजेता अमेरिकेचा स्कॉटी शेफलर. त्याच्या वाट्याला ३१ लाख डॉलर आले.

पण या श्रीमंत खेळाचे माहेरघर मात्र श्रीमंतांच्या मालकीचे नाही, ही यातली गंमत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर ओपन २०२२ सालापर्यंत तीस वेळा झाली; दुसऱ्या कोणत्याही मैदानाला हा मान इतक्या वेळा मिळालेला नाही. या मैदानाला कुंपण नाही. मधून एक सार्वजनिक रस्ता जातो. आणि रविवारी, काही मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर, तिथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर फिरायला येतात. कोणी तिकीट मागत नाही, कोणी हटकत नाही. कारण जमीन त्यांचीच आहे.

हे कसे घडले, आणि आज पैशाच्या पुरात ते टिकणार का, हा प्रश्न केवळ गोल्फवाल्यांचा नाही, म्हणून हा लेख.

प्रथम ‘लिंक्स’ या शब्दाविषयी. समुद्रकिनारा आणि शेतजमीन यांच्या मधला वाळूचा उंचसखल पट्टा म्हणजे लिंक्स. नांगर धरायला निरुपयोगी. खुरटे, चिवट गवत तेवढे उगवते. आपल्या गावाबाहेरचे गायरान जसे, तसेच हे : मेंढ्या चरायच्या, बायका धुणे वाळत घालायच्या, कोळी जाळी सुकवायचे, आणि रिकामी माणसे काठीने चेंडू टोलवायची. या टोलवण्याचा नाद इतका वाढला, की १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसतात, ही तक्रार होती. बंदीचा व्हायचा तोच परिणाम झाला. खेळ वाढला.

१५५२ साली सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप हॅमिल्टन यांनी एका सनदेवर सही केली. लिंक्सवर ससे पाळण्याचा हक्क त्यांनी घेतला. पण गोल्फ, फुटबॉल आणि इतर करमणुकीसाठी ती जमीन वापरण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. ज्यांनी सातबाराचे उतारे हाताळले आहेत त्यांना हे चटकन उमजेल. उताऱ्यावर मालकाचे नाव असते, तसा ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. कर्ज देताना बँकेचा अधिकारी मालकाच्या नावाआधी तो रकाना वाचतो. निदान वाचावा. आमच्या पिढीच्या कर्ज विभागात नव्या अधिकाऱ्याला पहिला धडा हाच मिळे : जमीन कोणाची आहे याइतकेच तिच्यावर कोणाकोणाचा काय हक्क आहे, हे महत्त्वाचे. ती सनद म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या ‘इतर हक्कां’ची नोंद होती.

तिचा उपयोग अडीचशे वर्षांनी झाला. नगर परिषद कर्जात बुडाली आणि १७९७ साली तिने लिंक्सची जमीन विकून टाकली. पुढे ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेली. त्यांनी तिथे ससे पाळायला सुरुवात केली. मांस आणि कातडे यांचा तो धंदा होता. सशांनी बिळे करून मैदान पोखरले. मात्र गोल्फच्या मैदानाला इजा पोचू नये, ही अट विक्रीच्या वेळीच घातलेली होती. मग प्रश्न उभा राहिला : सशाने बीळ केले तर ती इजा की निसर्ग? जमीनमालक एका बाजूला आणि खेळणारे नागरिक दुसऱ्या बाजूला, असे भांडण कोर्टात गेले, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले आणि वीस वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिले. १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा ससे गेले. पुढे १८९४ साली संसदेत खास कायदा होऊन लिंक्स पुन्हा नगर परिषदेच्या ताब्यात आली. कर्जापायी गेलेली जमीन शहराला परत मिळायला सत्त्याण्णव वर्षे लागली.

यानंतरचा प्रसंग मला त्याहून बोधप्रद वाटतो. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्थानिक कारभाराची फेररचना झाली. छोट्या नगर परिषदा बरखास्त होऊन मोठ्या संस्थांत विलीन होणार होत्या. म्हणजे मैदानाचा कारभार दूरच्या कचेरीत जाणार होता. सेंट अँड्र्यूजची परिषद आपले शेवटचे दिवस मोजत होती, पण तिने जाता जाता एक शहाणपणाचे काम केले. १९७४ साली संसदेकडून कायदा करवून घेतला, मैदान एका न्यासाच्या हवाली केले, आणि नागरिकांना व पाहुण्यांना ते सार्वजनिक उद्यान आणि क्रीडास्थान म्हणून मिळत राहील, अशी जबाबदारी त्या न्यासावर टाकली. आज तो न्यास सात मैदाने सांभाळतो. मिळालेला पैसा मैदानांवरच खर्च होतो.

आता ओपनकडे वळू. पहिली स्पर्धा सेंट अँड्र्यूजला नव्हे, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला झाली, १७ ऑक्टोबर १८६० रोजी. खेळाडू आठ, सगळे पोटासाठी खेळणारे : कोणी चेंडू बनवणारे, कोणी मैदान राखणारे, कोणी बॅगा वाहणारे. विली पार्क जिंकला. रोख बक्षीस शून्य. लाल चामड्याचा एक पट्टा वर्षभर मिरवायचा, तोही समाधानकारक हमी दिल्यावरच. बिनजामीन पट्टासुद्धा नाही! तीनदा लागोपाठ जिंकणाऱ्याला तो कायमचा मिळणार होता. सेंट अँड्र्यूजच्या मैदानरक्षकाच्या मुलाने, टॉम मॉरिस धाकटा याने, १८७० साली तो असा जिंकून घरी नेला. द्यायला काही उरले नाही म्हणून १८७१ साली स्पर्धाच झाली नाही. आजचा चांदीचा ‘क्लॅरेट जग’ त्यानंतर आला.

मैदान गावाचे असले तरी क्लबाचे दार मात्र बंद होते. ओल्ड कोर्सच्या पहिल्या होलपाशी दगडी इमारत दिसते ती रॉयल अँड एन्शंट क्लबाची. मैदान त्यांच्या मालकीचे नाही. पण खेळाचे नियम त्यांनीच घडवले. २००४ साली नियमांचे आणि ओपनचे काम वेगळ्या संस्थेकडे गेले. तिचे नाव ‘आर अँड ए’. १७५४ साली स्थापन झालेल्या या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घ्यायचे ठरवले, ते २०१४ साली. म्हणजे समोरच्या हिरवळीवर गावातली कोणतीही बाई रविवारी हक्काने फिरू शकत होती, पण त्या दगडी पायऱ्या चढून सभासद होऊ शकत नव्हती. सार्वजनिक जमीन आणि खासगी क्लब यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसेल?

हाच फरक गेल्या दशकात आणखी दोन मैदानांनी दाखवला. एडिंबराजवळच्या म्युरफील्डच्या क्लबाने २०१६ साली स्त्रियांच्या प्रवेशावर मतदान घेतले. आवश्यक दोन तृतीयांश मते पडली नाहीत. आर अँड ए ने त्याच दिवशी जाहीर केले, की इथे ओपन होणार नाही. २०१७ साली पुन्हा मतदान झाले आणि दार उघडले. दुसरे मैदान टर्नबेरी. खेळाच्या दृष्टीने अप्रतिम; चार वेळा ओपन तिथे झाली. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१४ साली ते विकत घेतले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनावर जमाव चालून गेला आणि काही दिवसांतच आर अँड ए ने सांगितले, की नजीकच्या भविष्यात तिथे स्पर्धा नेण्याचा विचार नाही. लोकांचे लक्ष खेळावर राहणार नाही. गवत तेच, वारा तोच. पण मालकाच्या नावाबरोबर मैदानाचे भाग्य बांधले गेले. ज्या जमिनीला एकच मालक असतो तिला त्याचे गुणदोष चिकटतात.

याच काळात खेळाडूंचाही बाजार भरला. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या जोरावर ‘लिव्ह गोल्फ’ नावाची नवी साखळी जून २०२२ मध्ये सुरू झाली. एकेका स्पर्धेला अडीच कोटी डॉलर! पुढच्याच महिन्यात ओल्ड कोर्सवर दीडशेवी ओपन झाली. दोनदा ओपन जिंकलेले ग्रेग नॉर्मन लिव्हचे प्रमुख असल्याने त्यांना माजी विजेत्यांच्या सोहळ्याचे आमंत्रण नव्हते. स्पर्धा जिंकली ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून स्मिथने, आणि महिना-दीड महिन्यात तोही लिव्हमध्ये गेला. खेळाडू विकत घेता आले. वेळापत्रक, चित्रीकरण, गाजावाजा, सगळे विकत घेता आले. सेंट अँड्र्यूजचे गवत मात्र बाजारात नव्हते. त्या मैदानावर ओपन जिंकणे याला जी किंमत आहे, ती ते विक्रीला नाही म्हणूनच आहे.

तेव्हा सारे आलबेल आहे, असे समजू नये. बाहेरच्या माणसाला उन्हाळ्यात ओल्ड कोर्सवर एकदा खेळायला तीनशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात, आणि पाळी बहुधा सोडतीने मिळते. स्थानिक रहिवाशाला वर्षाचे तिकीट स्वस्तात पडते. पण रहिवासी होणे दिवसेंदिवस महाग होते आहे. गोल्फचे पर्यटक आणि जुने विद्यापीठ यांमुळे सेंट अँड्र्यूजच्या घरांच्या किमती स्कॉटलंडमधल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. मैदान गावकऱ्यांचे राहिले, पण गावकरी म्हणून गावात राहणे कोणाला परवडणार? कायद्याने जमीन वाचते. तिच्याभोवतीचे शेजार वाचवायला १९७४ चा कायदा पुरा पडत नाही. उद्याचा खरा पेच हा आहे.

आणि आपण? गोल्फ आपल्याकडे फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. पहिल्या ओपनच्याही एकतीस वर्षे आधीचा. पण साहेबाने येताना क्लब आणला, लिंक्स आणली नाही. आपल्याकडे आले ते सभासदत्व, भिंत आणि फाटकावरचा पहारेकरी. १५५२ ची सनद बोटीतून उतरलीच नाही. तरीही खेळ खालच्या दाराने बाहेर आलाच. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर बॅगा वाहून वाढला. एस. एस. पी. चौरसिया कलकत्त्याच्या मैदानरक्षकाचा मुलगा. टॉम मॉरिसच्या घराण्याशी त्यांचे नाते रक्ताचे नसले तरी कुळ एकच. २०२३ साली शुभंकर शर्मा ओपनमध्ये संयुक्त आठवा आला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्याने जिथे हा खेळ खेळायला सुरुवात केली, तशा जागी आपली किती मुले नुसती आत पाऊल टाकू शकतात, हे मात्र कोणी विचारले नाही.

आपल्या प्रत्येक गावाला कधी ना कधी गायरान होते, शहराला मैदान होते. त्यांच्यावर कोणाचे काय हक्क आहेत, हे लिहून ठेवायचा कंटाळा आपल्याला नडला. सेंट अँड्र्यूजचे लोक आपल्याहून सज्जन होते असे नव्हे. कर्ज त्यांनीही केले, जमीन त्यांनीही विकली. फरक एवढाच, की विकतानासुद्धा एक अट त्यांनी कागदावर घातली आणि पुढच्या पिढ्यांनी तो कागद हरवू दिला नाही.

२०२७ साली ओपन पुन्हा ओल्ड कोर्सवर येणार आहे. शेवटचा दिवस रविवारच असेल, म्हणून त्या एका रविवारी मैदान खेळाडूंचे. नंतर मंडप उतरतील, कॅमेरे जातील, आणि पुढच्या कुठल्या तरी रविवारी एखादी आजी नातवाचा हात धरून अठराव्या होलवरून समुद्राकडे निघेल. तिथे कोणी किती लाख डॉलर जिंकले, हे तिला ठाऊक असण्याची काही गरज नाही.