खेचराची आई कोण?

पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. वडिलांबरोबर तेथे गेले असताना एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला विचारले, "पोरी, खेचराची आई कोण, सांग बरं!" मी गप्प. तोच म्हणाला, "घोडी. अन् बाप गाढव. उलटं केलं, की जनावर बारकं निपजतं."

मला नवल वाटले. दोन्ही संकरांत निम्मा वाटा घोड्याचा, निम्मा गाढवाचा. मग फरक का? ग्रंथालयात शोधले. काही अंशी कारण आईचे गर्भाशय; पण तेवढेच नाही. काही जनुके आईकडून आली तरच जागी असतात, काही बापाकडून आली तरच. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. दोन्ही वाटे आईकडचेच असले, तर गर्भाची वार नीट वाढेना. दोन्ही बापाकडचे असले, तर वार वाढे, पण गर्भ खुरटे. दिवस एकाचेही भरले नाहीत. माणसातही पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा बापाकडचा गळाला तर एक विकार होतो, आईकडचा गळाला तर दुसराच.

हे वाचताना मला माझी चुलती आठवली. तिला तीन मुली. आजी उठता-बसता म्हणे, "बी आमचं चांगलं, जमीनच खोटी." मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, हे आपण शाळेत शिकतो, परीक्षेत लिहितो आणि घरी विसरतो. पण मला वाटते, पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र ही मनुस्मृतीतली उपमाच मुळात चुकीची आहे. निम्मे बीज स्त्रीचेच असते. आणि ज्या वारेतून गर्भाचे पोषण होते, ती वाढवण्यात बापाच्या जनुकांचा मोठा हात असतो. म्हणजे ज्या 'जमिनी'ला आपण नावे ठेवतो, तिच्यातही बाप आहेच!

मढीच्या बाजारात जनावर पारखताना आई आणि बाप दोघेही विचारतात. आपल्या घरात मात्र मूल झाले, की बोट एकट्या आईकडे जाते. आजी बोलत असताना चुलती खाली मान घालून भाकरी थापत राही, आणि मीही गप्प बसे. मढीला गप्प बसले ते अज्ञानामुळे; घरी पुन्हा गप्प बसले, तर त्याला ती सबब राहणार नाही.