सलाईन तेच, खुर्ची फक्त रिक्लायनर

इन्स्टावर 'ड्रिप डे' असं कॅप्शन टाकलेले फोटो तुम्हीही पाहिले असतील. मऊ रिक्लायनर, मागे निऑनचा बोर्ड, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताच्या शिरेत सुई. वर टांगलेल्या पिशवीत पिवळसर पाणी. हॉटेलच्या मेन्यूसारखी यादी असते: एनर्जी ड्रिप, इम्युनिटी ड्रिप, हँगओव्हर ड्रिप, लग्नाच्या सीझनला ब्रायडल ग्लो ड्रिप. मुंबई-पुण्यात अशी सेंटर्स निघालीत, घरी येऊन लावून देणारेही आहेत. एका सिटिंगचे काही हजार रुपये. आणि सगळी भाषा अशी, की आपण दवाखान्यात आलोय हे विसरायलाच व्हावं.

आता दुसरं चित्र बघा. तालुक्याच्या गावातला एका खोलीचा दवाखाना, लोखंडी खाट, भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली बाटली. 'डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, एक बाटली लावाच.' या वाक्यावर आपण शहरातली पोरं हसतो. सलाईन म्हणजे ताकद असं वाटतं बिचाऱ्यांना, वगैरे. माझं म्हणणं असं आहे, की हसायचं तर दोघांनाही हसा. बाटली तीच आहे.

त्या बाटलीत काय असतं ते कुणी सांगत नाही, म्हणून हिशोबच करू. नॉर्मल सलाईन म्हणजे 100 मिली पाण्यात 0.9 ग्रॅम मीठ. म्हणजे 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. बस्स. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एका बाटलीत जवळपास पूर्ण दिवसाचा कोटा शिरेतून आत जातो. 'ग्लुकोजची बाटली' म्हणतात ती 5 टक्के डेक्स्ट्रोज. 500 मिलीत 25 ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. तिच्यातून मिळणारी ऊर्जा एका केळ्यापेक्षाही कमी. ड्रिप लाउंजमध्ये याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स, व्हिटॅमिन सी, मॅग्नेशियम असं काही मिसळतात. गावातला डॉक्टरही त्यात एक मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकतो आणि पाणी पिवळं झालं की पेशंटला बरं वाटायला सुरुवात होते. गावात त्याला 'ताकदीचं सलाईन' म्हणतात. लाउंजमध्ये 'कॉकटेल' म्हणतात.

हे कॉकटेलही काही नवीन नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन मायर्स नावाचे डॉक्टर होते, ते पेशंटना शिरेतून जीवनसत्त्वं द्यायचे. 1984 मध्ये ते गेल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरने त्यांची पद्धत पुढे चालवली आणि 'मायर्स कॉकटेल' हे नाव रूढ झालं. आज मेन्यूवर ते दिसतं ते तिथूनच. पुढे अमेरिकेत 34 जणांवर याचा एक छोटा प्रयोग झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. फायब्रोमायाल्जिया म्हणजे सतत अंग दुखण्याचा आजार असलेले पेशंट होते. काहींना कॉकटेल दिलं, काहींना नुसतं रिंगर लॅक्टेट सलाईन, आणि कुणाला काय दिलं ते सांगितलं नाही. दोन्ही गटांना बरं वाटलं. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक सापडला नाही.

म्हणजे 'मला खरंच फ्रेश वाटलं' असं म्हणणारी मैत्रीण खोटं बोलत नाहीये. तिला वाटलंच असेल. पाऊणतास ती आडवी होती, बॉसचा फोन घेतला नाही, कुणीतरी तिची काळजी घेत होतं, अंगात अर्धा लिटर पाणी गेलं. एवढ्यावर कोणालाही बरं वाटेल. प्रश्न इतकाच, की त्यासाठी शिरेत भोक पाडायची गरज होती का? हँगओव्हरचंही तेच. दारूने लघवी जास्त होते, पाणी कमी पडतं, हे खरं. पण डोकं दुखणं, मळमळ, अर्धवट झोप, दारूचं शरीरात विघटन होताना तयार होणारी रसायनं, यातलं सलाईनने भरून निघतं ते फक्त पाणी. ते माठातही असतं.

सलाईनला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. इंटर्नशिपमध्ये मी ते काम करताना पाहिलंय. जुलाब-उलट्यांनी डोळे खोल गेलेलं पोर, हाताला नाडी लागत नाहीये, आणि दोन तासांत ते पोर आईकडे पाणी मागतं. वॉर्डात यापेक्षा भारी काही बघायला मिळत नाही. 1832 मध्ये स्कॉटलंडमध्ये कॉलऱ्याची साथ होती, तेव्हा थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा मरणाच्या दारातल्या पेशंटच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. पहिली पेशंट वयस्कर बाई होती. ती उठून बसण्याइतकी सुधारली, लाटा निघून गेले, जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती गेली. सलाईन लावून निघून जायचं नसतं, पेशंटवर लक्ष ठेवायचं असतं, हा धडा इतका जुना आहे. शुद्ध हरपलेला, सतत उलट्या होणारा, उष्माघाताने कोसळलेला, ऑपरेशनचा, भाजलेला पेशंट, यांच्यासाठी सलाईनला पर्याय नाही. डेंग्यूतही लागतं, पण तिथे ते मोजून द्यावं लागतं, कारण जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसात साठतं.

पण ज्याला तोंडाने पिता येतंय, त्याचं काय? याचं उत्तर आपल्याच देशात मिळालंय. 1971, बांगलादेश मुक्तियुद्ध. बंगालच्या सीमेवर बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पेशंटच्या नातेवाइकांच्या हातात दिलं आणि सांगितलं, पाजत राहा. आधी 100 कॉलरा पेशंटमागे 30 च्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. ओआरएसने आतापर्यंत जगभरात कोट्यवधी जीव वाचवलेत. महालनबीस 2022 मध्ये गेले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषलं जातं आणि त्यामागे पाणी ओढलं जातं, एवढ्या साध्या यंत्रणेवर हे सगळं उभं आहे. कॉलऱ्याच्या बहुतेक पेशंटना तोंडाने दिलेलं पाणी पुरतं, तर शनिवारी रात्री जागलेल्या पंचविशीतल्या पोराला का पुरणार नाही?

यावर सेंटरवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: गोळी खाल्ली तर थोडंच अंगी लागतं, ड्रिपमधलं 100 टक्के शोषलं जातं. यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस खाल्ला तर आतडं ठरावीक प्रमाणातच आत घेतं, बाकीचं बाहेर. पण हे आतड्याचं काम आहे, दोष नाही. दारावरचा वॉचमन आहे तो. ड्रिपने तुम्ही मागच्या दाराने आत शिरता. मग जास्तीचं सगळं मूत्रपिंडाला बाहेर टाकावं लागतं. ड्रिपनंतर लघवी गडद पिवळी होते ती बी-2 ची, म्हणजे बऱ्याच अंशी तुमच्याच पैशांची. निरोगी मूत्रपिंड हे निभावून नेतं. ज्याला मुतखडा होतो, किडनीचा त्रास आहे, हृदय कमजोर आहे, त्याची गोष्ट वेगळी.

आणि धोका म्हटलं की लोकांना सिनेमातला हवेचा बुडबुडा आठवतो. नळीतल्या बारीक बुडबुड्याने सहसा काही होत नाही. खरे धोके बोअरिंग असतात. सुई टोचताना कातडी नीट पुसली नाही, कुणीतरी ग्लोव्हज न घालता ब्युटी पार्लरच्या टेबलावर औषधं मिसळली, एकच व्हायल चार जणांना वापरली. जंतू थेट रक्तात. शीर सुजते, लाल दोरीसारखी होते, क्वचित रक्तात इन्फेक्शन पसरतं. मॅग्नेशियम भरकन गेलं तर बीपी खाली येतो. जी6पीडी नावाचं एन्झाइम काही लोकांत जन्मतःच कमी असतं. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत याचं प्रमाण जास्त आहे. अशा माणसाला व्हिटॅमिन सीचा मोठा डोस शिरेतून दिला तर लाल पेशी फुटू शकतात. लाउंजमध्ये ही तपासणी आधी करतात का, हे विचारून बघा.

वेगाचंही बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या आयव्ही सेटला 20 थेंब म्हणजे एक मिली. 500 मिली म्हणजे 10 हजार थेंब. वॉर्डात साधारण चार तासांत सोडायचं तर मिनिटाला चाळीसेक थेंब. लाउंजमध्ये ते पाऊणतासात संपवायचं असतं, कारण पुढची अपॉइंटमेंट असते. म्हणजे मिनिटाला 220. धडधाकट पोराला चालून जाईल. पण तिथे फक्त धडधाकट पोरंच येतात याची खात्री कोण देणार?

अमेरिकेत हे फॅड आपल्या आधी आलं, त्यामुळे पुढचा भागही तिथे आधी घडला. ड्रिपने कॅन्सर, मधुमेहासारख्या आजारांवर उपचार होतात अशी जाहिरात केली म्हणून 2018 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीवर कारवाई केली. 2021 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अस्वच्छ जागी ड्रिप तयार करणाऱ्या क्लिनिकबद्दल इशारा दिला. 2023 मध्ये टेक्सासमधल्या एका मेडस्पामध्ये ड्रिप घेतल्यावर एका महिलेचा मृत्यू झाला, आणि 2025 मध्ये त्या राज्याला ड्रिप कोण देऊ शकतो याचा वेगळा कायदा करावा लागला. गोरं दिसण्यासाठीच्या ग्लुटाथायोन ड्रिपबद्दल फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये लोकांना सावध केलं. आपल्याकडे तोच ड्रिप लग्नाच्या पॅकेजमध्ये मेंदी आणि फेशियलच्या शेजारी येऊन बसलाय. (नवरीने गोरंच दिसायला हवं, यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

'माझं शरीर, माझे पैसे' असं कुणी म्हणेल. मान्य, मोठे आहात. मला राग येतो तो दुसऱ्याच ठिकाणी. माझी इंटर्नशिप होती त्या भागात ऊसतोडीला आलेल्या बायका संध्याकाळी यायच्या. एक दिवस काम चुकलं की खाड्याचे पैसे मुकादम कापतो, त्यामुळे 'उद्या उभं राहता आलं पाहिजे' एवढीच मागणी. 'सलाईन लावा.' त्यांचा थकवा खरा असतो. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यावर लोहाच्या गोळ्या लागतात, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि त्यांचा गुण यायला आठवडे लागतात. सलाईनमध्ये लोह नसतं. त्या बाटलीने थकव्याचं कारण तसंच राहतं आणि मजुरीतले पैसे तेवढे जातात. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो, मी नाही लावलं तर पेशंट समोरच्याकडे जातो. तेही खरं आहे. अशा वेळी शहरातली शिकलेली, फॉलोअर्स असलेली मंडळी 'ड्रिप म्हणजे एनर्जी' असं रील टाकतात, तेव्हा त्या बाईचा समज पक्का होतो. ते रील तिच्याही मोबाइलवर जातं.

बाटलीच्या दर्जाचा प्रश्नही आहेच. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत सरकारी दवाखान्यात बाळंतिणी दगावल्या आणि संशय गेला तो रिंगर लॅक्टेट सलाईनवर. तिथे सिझेरियन झालं होतं, सलाईन गरजेचं होतं, तो धोका पत्करणं भाग होतं. गरज नसताना तो कशाला घ्यायचा?

तरी जायचंच असेल तर रिसेप्शनवर चार गोष्टी विचारा. डॉक्टर इथे हजर आहे का, की फक्त बोर्डावर आहे? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? पिशवीत काय काय आणि किती टाकणार, ते लिहून द्याल का? रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनालिन आणि ऑक्सिजन इथे आहे का? एकाही प्रश्नावर 'मॅडम, टेन्शन नका घेऊ' असं उत्तर आलं तर उठा.

आणि ट्रेकहून आल्यावर, ताप असताना, पोट बिघडल्यावर ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला असल्याचं वाचून घ्या. मेडिकलमध्ये फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून खपत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर-मीठ अंदाजाने टाकू नका, मोजून टाका, आणि एकदम न पिता घोट घोट घ्या.