सिंधुबंदी तुटली, पुढे काय?

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो अमलात आला. त्यावेळी चर्चा झाली ती मसूर, कापड आणि मद्य यांवरील आयातशुल्काची. परंतु त्याच करारातील एक लहानशी तरतूद आज आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. १८ ते ३० वयोगटातील एक हजार भारतीय तरुण-तरुणींनी दरवर्षी ऑस्ट्रेलियात जावे, बारा महिने राहावे, देश पाहावा आणि त्यासाठी लागणारा पैसा तेथेच काम करून मिळवावा, अशी ही योजना आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी तिची नोंदणी प्रथम खुली झाली आणि पहिल्या पंधरवड्यातच सुमारे चाळीस हजार अर्ज दाखल झाले. ‘एक वर्ष सिडनीला जाऊन येतो,’ हे वाक्य आता पुण्या-नाशिकच्या घरांतूनही ऐकू येऊ लागले आहे.

हे वाक्य कानी पडताच घरात दोनपैकी एक प्रतिक्रिया उमटते. कुठे ‘मुलगा हातचा गेला’ म्हणून डोळ्यांना पदर लागतो, तर कुठे पेढे वाटले जातात. या दोन्हींत विचाराचा भाग थोडाच असतो. परदेशगमन हे हिंदू समाजाला निषिद्ध नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या सात स्वदेशी बेड्या तोडण्यास सांगितले, त्यांत सिंधुबंदीही होती. ती बेडी आता तुटली आहे. प्रश्न उरतो तो समुद्र कशासाठी ओलांडावयाचा, हा. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून आपण का जात आहोत, हे समाजाला सांगितले होते. स्वधर्म न सोडता जाण्याचा आणि परतून देशभगिनींची सेवा करण्याचा त्यांचा संकल्प होता. आजच्या तरुणाने सभा घेण्याची आवश्यकता नाही. परंतु आई-वडिलांसमोर बसून या ‘का’चे उत्तर त्याने अवश्य द्यावे.

उत्तर सापडले, की नियोजन. येथे भाबडेपणा महागात पडतो. एक हजार जणांची निवड संगणकीय सोडतीने होते. त्यामुळे ‘तुमचा नंबर लावून देतो’ असे सांगून लाखो रुपये मागणारा दलाल फसवतोच आहे, हे निश्चित समजावे. सोडतीच्या नोंदणीसाठी शुल्क आहे अवघे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. निवड झाल्यानंतर किमान दोन वर्षांच्या उच्च शिक्षणाचा आणि कामचलाऊ इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. परतीच्या प्रवासखर्चाखेरीज सुमारे पाच हजार डॉलर गाठीशी असावे लागतात. ही रक्कम कर्जाची असेल, तर पहिल्या दिवसापासून मिळेल ते काम मिळेल त्या दराने पत्करण्याची पाळी येते. सिडनीत घरभाडे आठवड्याच्या हिशेबाने द्यावे लागते आणि ते जबर आहे. तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेचा लाभ आपल्या नागरिकांना मिळत नाही. म्हणून आरोग्य विमा ही चैन नसून गरज आहे. एका मालकाकडे सामान्यतः सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही. म्हणजेच एकाच नोकरीच्या भरवशावर वर्षाचा हिशेब मांडता येणार नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कायद्याचे ज्ञान. ऑस्ट्रेलियातील किमान वेतन १ जुलै २०२५ रोजी ताशी २४.९५ डॉलर झाले. परदेशी पाहुण्या कामगारालाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे आणि दाद मागण्यासाठी शासकीय यंत्रणा आहे. तरीही पिळवणूक होते. २०१५ मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीतील वेतनचोरी उघडकीस आली. तीत नाडले गेलेल्यांत भारतीय उपखंडातील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते आणि खेदाची बाब ही, की दुकाने चालविणाऱ्यांतही उपखंडातून गेलेले पुष्कळ होते. आपल्याच भाषेत ‘बेटा’ म्हणून हाक मारणारा माणूस निम्म्या पगारात रोखीने राबवून घेत असेल, तर ते बंधुत्व नव्हे. परदेशातील हिंदू समाजाच्या संघटनेची कसोटी केवळ उत्सवाच्या मांडवात लागत नाही; नवख्या मुलाला न्याय्य वेतन आणि सुरक्षित खोली मिळते की नाही, तेथे ती लागते. सिडनीत आणि मेलबर्नमध्ये मराठी मंडळे आहेत, मंदिरे आहेत. जाणाऱ्याने त्यांच्याशी निघण्यापूर्वीच संपर्क साधावा आणि मंडळांनीही गणेशोत्सवाच्या वर्गणीइतक्याच तत्परतेने त्याची विचारपूस करावी.

आता एक कटू प्रश्न स्वतःला विचारू. हा मुलगा तेथे काय काम करणार? बहुधा कॅफेत कपबश्या धुणार, हॉटेलातील खोल्या झाडणार, गोदामात खोकी उचलणार. दुसऱ्या वर्षाची परवानगी हवी असेल, तर शहर सोडून ग्रामीण भागात शेतीसारखे ठरावीक काम तीन महिने करावे लागते. म्हणजे मिल्ड्युराच्या द्राक्षमळ्यात घड तोडणे आले. नाशिकचा पदवीधर हे आनंदाने करील आणि तेथील छायाचित्रे नातेवाइकांना अभिमानाने दाखविली जातील. मग हेच काम निफाड-दिंडोरीच्या मळ्यात करणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? घरी स्वतःचे ताट न उचलणारा मुलगा परक्या देशात दुसऱ्याचे ताट उचलतो, तेव्हा श्रमाची प्रतिष्ठा त्या देशाच्या चलनावर ठरत असल्याचे आपण नकळत मान्य करतो. अस्पृश्यतेला आणि जातिभेदाला जन्म देणारी हीच ती दृष्टी. ती सिडनीच्या वाऱ्याने आपोआप जाणार नाही. ती घरातच जावी लागेल.

म्हणूनच या वर्षाची खरी तयारी पारपत्राच्या रांगेत होत नाही, स्वयंपाकघरात होते. जाण्यापूर्वी सहा महिने मुलाने स्वतःचा स्वयंपाक करावा, कपडे धुवावेत, घरखर्चाची वही लिहावी. संघाच्या शिबिरात ज्याने पंगतीत वाढले आहे, भांडी घासली आहेत, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु तो संस्कार शिबिराच्या मैदानापुरता राहिला असेल, तर तो घरी आणण्याची ही संधी आहे.

बारा महिने सरतील. काही जण तेथेच मार्ग शोधतील. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु जे परततील त्यांच्या पेटीत काय आहे, हे आपण पाहावे. केवळ अत्तरे आणि चॉकलेटे असतील, तर ते वर्ष सहल ठरेल. वेळेची शिस्त, कायद्याचा आदर आणि कष्टकऱ्याला ‘अहो’ म्हणण्याची सवय घेऊन तो आला, आपल्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या मावशींना त्याने थांबून त्यांचे नाव विचारले, तर सिंधुबंदी तोडल्याचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.